मागितले ते देवाकडेच!

महिनाअखेर जवळ आली की पगारदाराच्या घरात शिल्लक मोजली जाते. अशा वेळी दाराशी कोणी गरजू आला, तर ‘आपलेच भागत नाही, तिथे दुसऱ्याला काय द्यायचे?’ हा विचार मनात येतोच. येशू ख्रिस्ताने मात्र दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या गरीब विधवेचे दान श्रीमंतांच्या दानाहून मोठे मानले. ही शिकवण शब्दशः खरी मानून जगलेल्या दोन व्यक्तींची ही हकिगत.

जॉर्ज म्यूलरचा जन्म १८०५ साली प्रशियात झाला. तरुणपणी तो उधळ्या. फसवणुकीपायी तुरुंगाची हवाही खाऊन आलेला. पुढे मनाने पालटला, इंग्लंडात धर्मोपदेशक झाला आणि १८३० साली ठरलेला पगार त्याने आपण होऊन सोडला. १८३६ साली ब्रिस्टल शहरात भाड्याच्या घरात त्याने अनाथालय काढले. नियम दोनच : कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, आणि कर्ज काढायचे नाही. जे मागायचे ते प्रार्थनेत, देवाकडे!

या नियमाची कसोटी १८४१ च्या अखेरीस लागली. तिजोरीत खडखडाट होता. वार्षिक अहवाल काढायची वेळही तीच. अहवाल वाचून लोकांनी मदत पाठवली असती. पण त्याने तो मुद्दामच लांबणीवर टाकला. अडचण जगाला सांगितली, तर मग भरवसा देवावर कुठे राहिला? मुले मात्र उपाशी राहिली नाहीत. १८७० पर्यंत पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. एका वेळी दोन हजारांवर मुलांची सोय झाली. हातून लाखो पौंड गेले, त्यांतील पै-पैचा हिशेब त्याने ठेवला. आणि १८९८ साली तो वारला तेव्हा त्याची स्वतःची मालमत्ता दोनशे पौंडांचीही भरली नाही.

हे चरित्र आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या वाचनात आले. असा विश्वास हिंदुस्थानात कोणी का ठेवू नये, असे त्यांना वाटले. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुरते ठाऊक होते. १८७० नंतरच्या दशकात आईवडील त्यातच गेले होते. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडताच त्या तिकडे धावल्या आणि शेकडो मुली-बायांना घेऊन आल्या. अमेरिकेतील संस्थेने कबूल केलेली दहा वर्षांची मदत १८९८ साली संपायची होती, हे ठाऊक असूनही! पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

देवावर भार टाकणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असे कोणी समजत असेल तर त्याने केडगाव आठवावे. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, माग चालले, छापखाना निघाला. आलेल्या बाया शिकल्या आणि कामाला लागल्या. प्रार्थना होती ती कष्टाला बळ देणारी. कष्ट टाळणारी नव्हे.

वाचकहो, म्यूलर किंवा रमाबाई होणे सर्वांना साधायचे नाही. परंतु ‘आधी माझे पुरते होऊ दे, मग देईन’ असे म्हणणाऱ्याचे पुरते कधीच होत नाही, एवढे तरी त्यांच्या आयुष्यावरून उमजते. यंदाच्या फराळाचे एक ताट, ज्याच्या घरी दिवाळी पोचत नाही अशा दाराशी पोचले, तर आपल्या डब्यात काही फार खळगा पडणार नाही.