धनुर्मृगया, सार्वजनिक भूमीवरील
धनुष्यबाणाने केलेल्या वन्य प्राण्यांच्या शिकारीस धनुर्मृगया म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा कायद्याने मान्य असलेला मृगयेचा प्रकार असून त्यासाठी बहुतेक राज्यांत स्वतंत्र हंगाम ठरवून दिलेला असतो. पांढऱ्या शेपटीचे हरिण (ओडोकॉयलिअस व्हर्जिनिॲनस) हे तिचे प्रमुख लक्ष्य होय. बंदुकीने शिकार करणाऱ्यांपासून दूर, परंतु सर्वांना खुली असलेली जागा शोधणे, हे स्वतःची जमीन नसलेल्या धनुर्धराच्या पूर्वतयारीचे मुख्य अंग मानले जाते.

इतिहास : उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये धनुर्मृगया प्राचीन काळापासून रूढ होती. बंदुकीच्या प्रसारानंतर ती मागे पडली. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी हा १९११ मध्ये ओरोव्हिल येथे आढळला. त्याच्याकडून सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यविशारद सॅक्सटन पोप याने ही विद्या आत्मसात केली. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोपच्या ग्रंथामुळे तिच्याविषयी नव्याने कुतूहल निर्माण झाले. केवळ धनुर्धरांसाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम प्रथम विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये ठेवला. मिसूरीतील हॉलिस विल्बर ॲलन याने शोधलेल्या, कप्प्यांच्या साहाय्याने ताणल्या जाणाऱ्या संयुक्त धनुष्याला १९६९ मध्ये एकस्व मिळाले. त्यामुळे पूर्ण ताणलेले धनुष्य कमी श्रमात स्थिर धरणे शक्य झाले व नवशिक्यांची संख्या वाढली.

विभक्ततेची आवश्यकता : बंदुकीची गोळी शेकडो मीटरांपर्यंत परिणामकारक ठरते, तर बाणाचा भरवशाचा पल्ला सामान्यतः २० ते ३५ मी. इतकाच असतो. हरिण एवढे जवळ, निर्धास्तपणे व योग्य बाजूने यावे लागते. बाणाने होणारा मृत्यू मुख्यतः रक्तस्रावाने होत असल्यामुळे बिथरलेल्या किंवा धावणाऱ्या हरणावर बाण सोडल्यास ते जखमी होऊन निसटण्याचा धोका असतो. म्हणून शांत परिसर ही धनुर्धराची केवळ सोय नसून शिकारीच्या नीतीचीही गरज आहे. दुसरे कारण सुरक्षिततेचे होय. धनुर्धर परिसराशी मिळतेजुळते कपडे घालून निश्चल बसतो, हे बंदूकधाऱ्यांच्या सान्निध्यात घातक ठरू शकते. यामुळे बंदुकीचा हंगाम चालू असताना धनुर्धरानेही भडक नारिंगी वस्त्र घातले पाहिजे, असा अनेक राज्यांत नियम आहे.

सार्वजनिक भूमी : अमेरिकन कायद्यानुसार वन्य प्राणी हे जमीनमालकाच्या मालकीचे नसतात, तर राज्यसंस्था जनतेच्या वतीने त्यांची विश्वस्त असते. मात्र खाजगी जमिनीत प्रवेश देणे वा नाकारणे मालकाच्या हाती असते व शिकारीसाठी जमीन खंडाने देण्याची पद्धतही बरीच रूढ आहे. त्यामुळे ज्याला जमीन नाही व खंड परवडत नाही, त्याचा हक्क प्रत्यक्षात सार्वजनिक भूमीवरच अवलंबून राहतो. संघराज्याच्या मालकीची भूमी सु. २६ कोटी हेक्टर, म्हणजे देशाच्या सु. २८ टक्के असली, तरी तिचा बहुतेक भाग पश्चिमेकडील राज्यांत व अलास्कात आहे. टेक्ससमधील ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी आहे. राष्ट्रीय वनांत (सु. ७·८ कोटी हे.) व भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यातील बहुतेक जमिनीवर (सु. ९·९ कोटी हे.) राज्याचा परवाना घेऊन शिकार करता येते. राष्ट्रीय उद्यानांत ती बहुधा निषिद्ध असते, तर अनेक वन्यजीव आश्रयस्थानांत विशेष नियमांनी तिला मुभा असते. पूर्वेकडे राज्यांची वने व वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रे अधिक महत्त्वाची ठरतात.

१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन अधिनियमान्वये बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवसंवर्धनासाठी राज्यांना दिले जाते. १९७२ च्या दुरुस्तीने धनुर्विद्येच्या साहित्यावरही कर बसला. या निधीचा काही भाग भूसंपादनाकडे जात असल्याने सार्वजनिक भूमीवरील धनुर्धरांच्या हक्काला आर्थिक आधारही आहे.

जागेची निवड : बंदूकधाऱ्यांपासून तीन प्रकारे दूर राहता येते. पहिला प्रकार काळाचा. मिशिगनमध्ये धनुर्मृगया १ ऑक्टोबरला सुरू होते, तर बंदुकीचा मुख्य हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर हा असतो. विस्कॉन्सिनमध्ये धनुर्धरांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतो. उत्तरेकडे हरणांचा माजाचा काळ नोव्हेंबरच्या पूर्वार्धात ऐन भरात येतो. त्या वेळी नर दिवसाही हिंडत असल्याने बंदुकीच्या हंगामापूर्वीचे दोन आठवडे धनुर्धर विशेष मोलाचे मानतात.

दुसरा प्रकार नियमांचा. दाट वस्तीलगत बंदुकीला मनाई असूनही धनुष्याला परवानगी असलेली क्षेत्रे असतात. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्यात हरणांची शिकार केवळ धनुष्याने करता येते. त्याच राज्यात घरापासून बंदुकीसाठी ५०० फूट (सु. १५० मी.) अंतर राखावे लागते, धनुष्यासाठी मात्र १५० फूट (सु. ४५ मी.) पुरते. त्यामुळे बंदूकधाऱ्यांना निरुपयोगी असलेले लहान भूखंड धनुर्धराच्या उपयोगी पडतात.

तिसरा प्रकार भूरचनेचा. बहुसंख्य शिकारी वाहनतळ व रस्ते यांपासून फार दूर जात नाहीत. वर्दळ वाढली की हरणे दाट झुडपांत आसरा घेतात व बहुधा रात्रीच बाहेर पडतात. म्हणून १ : २४,००० प्रमाणाचे भूस्वरूपदर्शक नकाशे किंवा हवाई छायाचित्रे पाहून दलदलीतील उंचवटे, नावेनेच गाठता येणारे नदीकाठ, तीव्र उतारांमधील खिंडी व वाहनांना बंदी असलेली अभिजात वनक्षेत्रे हेरली जातात. नंतर प्रत्यक्ष पाहणीत पाऊलखुणा, लेंड्या, शिंगांनी सोललेली खोडे व खुरांनी उकरलेली जमीन यांवरून हरणांच्या वाटा निश्चित करतात. बसण्याची जागा वाटेच्या वाऱ्याखालच्या बाजूस असावी लागते. दूर जाण्यास मर्यादाही आहेत. मारलेले हरिण माणसालाच ओढून वा वाहून आणावे लागते, उबदार हवामानात मांस लवकर बिघडते आणि झाडावरील मचाणावरून पडून अपघात झाल्यास मदत उशिरा पोहोचते. सर्वांगाला बांधावयाचा सुरक्षापट्टा म्हणूनच अत्यावश्यक समजला जातो.

वाद व प्रश्न : जखमी हरिण खाजगी हद्दीत गेल्यास त्याचा माग काढण्यासाठी बऱ्याच राज्यांत मालकाची संमती लागते. यामुळे हद्दीलगतची जागा टाळणे श्रेयस्कर ठरते. पश्चिमेकडे लोहमार्गांना पूर्वी दिलेल्या जमिनींमुळे खाजगी व सार्वजनिक चौरस बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आलटून पालटून आहेत. एका सार्वजनिक चौरसाच्या कोपऱ्यातून दुसऱ्यात जाणे हे अतिक्रमण होय की नाही, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. वायोमिंगमधील एका दाव्यात संघीय अपील न्यायालयाने (दहावे मंडल) २०२५ मध्ये, खाजगी जमिनीला स्पर्श न करता असे जाणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. दीर्घकालीन क्षयकारी रोगाच्या प्रसारामुळे हरणांचे अवशेष बाधित भागातून बाहेर नेण्यावरही अनेक राज्यांनी निर्बंध घातले आहेत.

भारतात परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्याची १९९१ मधील दुरुस्ती यांमुळे चितळ, सांबर इ. हरणांची छंद म्हणून शिकार करणे, मग ती बंदुकीने असो वा धनुष्याने, दंडनीय अपराध आहे. धनुर्विद्या येथे क्रीडाप्रकार म्हणूनच प्रचलित आहे.