गोंगाट आणि विद्यार्थ्यांचे अवधान

वर्गात अमुक मूल लक्ष देत नाही, ही शिक्षकांची नेहमीची तक्रार होय. बहुधा तिचे खापर मुलाच्या चंचलपणावर फोडले जाते. तथापि ज्या खोलीत ते मूल बसते तेथील आवाजाचा विचार क्वचितच केला जातो. गोव्यातील अनेक खेड्यांत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. एका इयत्तेची कविता चालू असताना दुसरीने त्याच खोलीत भागाकार सोडवावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा वाटते तितकी साधी नाही.

आवाजाने होणारा अपाय दोन प्रकारचा असतो व ते दोन्ही निरनिराळे समजून घेणे अगत्याचे आहे. पहिला प्रकार म्हणजे एका आवाजाखाली दुसरा झाकला जाणे. आषाढात शाळेच्या पत्र्यांवर पावसाच्या सरी कोसळू लागल्या की शिक्षकांचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचतात खरे, परंतु अर्धेमुर्धे. स्वर ऐकू येतात, व्यंजने हरवतात. 'सात' आणि 'साठ' यांतील भेद नाहीसा होतो. मोठी माणसे संदर्भावरून तुटलेला शब्द जुळवून घेतात. लहान मुलाचा शब्दसंग्रहच तोकडा असल्याने त्यास ते साधत नाही. याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली आहे. भरवस्तीतील किती वर्ग या कसोटीस उतरतील, याची शंकाच आहे.

दुसरा प्रकार अवधान विचलित होण्याचा. येथे आवाज मोठा असलाच पाहिजे असे नाही. पंख्याची एकसुरी घरघर काही वेळाने जाणवेनाशी होते. पण शेजारी हलक्या आवाजात चाललेले बोलणे मात्र मनात शिरते. मनात आकडे किंवा शब्द धरून ठेवण्याच्या कामात असे बोलणे व्यत्यय आणते, मग ते ऐकणाऱ्यास न कळणाऱ्या भाषेतील का असेना, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. हातचा धरून बेरीज करणारे मूल नेमके हेच काम करीत असते.

न्यूयॉर्क शहरातील एका शाळेची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. शाळेला लागूनच उंचावरून जाणारा लोहमार्ग होता. मार्गाच्या बाजूच्या वर्गांतील मुले वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांच्या मागे पडल्याचे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले; सहावीपर्यंत हे अंतर सुमारे एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसविण्यात आल्या, वर्गांच्या छतांना ध्वनिशोषक आच्छादन लावले गेले, आणि १९८१ च्या पाहणीत हा फरक उरला नव्हता. मुले तशीच, शिक्षणक्रमही तोच. कमी झाला तो फक्त आवाज.

सर्वांना आवाजाचा त्रास सारखा होत नाही, हेही खरे. काही व्यक्ती आवाजाच्या बाबतीत मुळातच संवेदनशील असतात. याचा अर्थ त्यांचे कान अधिक तीक्ष्ण असतात असा नव्हे. आलेला आवाज बाजूला सारणे त्यांच्या मनाला जड जाते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना तर साधी घंटाही असह्य होते आणि ती कानांवर हात ठेवतात. अशा मुलास 'नाटकी' म्हणून दटावणे अन्यायाचे आहे.

आवाज नसतानाही नुसत्या माणसांच्या उपस्थितीचा परिणाम होतो. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडले की, जे काम अंगवळणी पडले आहे ते इतरांसमोर अधिक चांगले होते व जे अद्याप शिकावयाचे आहे ते बिघडते. आपल्याकडील जुनी रीत याच्याशी जुळते. तिन्हीसांजेच्या परवच्यात येणारे पाढे सर्वांनी एकसुरात म्हणावयाचे असत, आणि ते योग्यच होते. परंतु कालच शिकविलेले त्रैराशिक फळ्यावर साऱ्या वर्गादेखत सोडवावयास लावले तर जाणणारे मूलही अडखळते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. एकत्र वर्गांत एका इयत्तेचे तोंडी काम चालू असताना दुसरीस मूकवाचन, चित्र काढणे किंवा सुवाच्य लेखन द्यावे. नवे गणित देऊ नये. सहज विचलित होणाऱ्या मुलास दार-खिडकीपासून दूर, फळ्याजवळ बसवावे. भिंतींवर जाड कापडी तक्ते लावल्यास घुमणारा आवाज थोडा कमी होतो.

गावकऱ्यांकडेही यातील काही भाग येतो. शिगमो आणि परीक्षांचे दिवस पुष्कळदा जवळजवळ येतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळेच्या परिसरास शांतता क्षेत्र घोषित केले असल्यास तेथे ती अनुक्रमे ५० व ४० अशी आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी करावी. गोंगाटात ज्या मुलास काहीच समजत नाही, पण शांततेत समजते, त्याचे कान प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावेत. कानात साचलेला मळ, सर्दीनंतर मध्यकर्णात राहिलेला द्रव किंवा एकाच कानाचा बहिरेपणा यांची लक्षणे नेमकी अशीच असतात.