वाघाला नव्हे, ओरखड्याला भ्या!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. घनदाट जंगलात रात्रीचा मुक्काम करायचाय. जागा निवडताना सर्वांत आधी कुठे बघाल? 'झुडपात वाघ आहे का ते!' असं म्हणालात? की 'पायाखाली साप आहे का'?

दोन्ही उत्तरं वाईट नाहीत. पण जंगल-मोहिमेचं रीतसर शिक्षण घेतलेला लीडर आधी मान वर करतो. डोक्यावर वाळकी फांदी लोंबत नाही ना, शेजारचं झाड मेलेलं नाही ना, हे तो पाहतो. अशी फांदी वारा नसतानाही कोसळते, आणि ती डरकाळी फोडून येत नाही! जंगलातलं मोठं संकट बहुधा असं साध्या वेषात येतं. पटत नाही? मग ही खरी हकिगत ऐका.

थिओडोर रूझवेल्ट हे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष. पट्टीचे शिकारी, घोडेस्वार, सैनिक. घाबरणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. २७ फेब्रुवारी १९१४ रोजी ते ब्राझीलच्या जंगलात एका नदीतून निघाले. ती पुढे कुठे जाते हे नकाशावर नव्हतंच, म्हणून तिचं नाव पडलं होतं 'संशयाची नदी'. सोबत मुलगा कर्मिट होता. शिवाय जंगलातून तारांच्या लाइनी टाकण्यात वर्षानुवर्षं घालवलेले ब्राझीलचे कर्नल रोंदोनही होते. बावीस माणसं आणि ओंडके कोरून केलेल्या सात होड्या.

खळाळत्या पाण्यात होड्या फुटल्या. एक जण बुडाला. अन्न कमी पडू लागलं. अशातच खडकांत अडकलेल्या होड्या सोडवताना रूझवेल्ट यांच्या पायाला जखम झाली. जखम तशी साधीच, पण दमट हवेत ती चिघळली. त्यात मलेरियाचा ताप. भूल न देताच डॉक्टरांनी नदीकाठी ती जखम कापून साफ केली. मला सोडून तुम्ही पुढे जा, असं रूझवेल्ट सांगू लागले. कर्मिटनं ऐकलं नाही, म्हणून ते वाचले. २६ एप्रिलला मदत भेटली, तोवर त्यांचं वजन सुमारे पंचवीस किलोनं उतरलं होतं. पूर्वीची तब्येत त्यांना पुन्हा कधीच लाभली नाही. त्या नदीला आज रूझवेल्ट यांचं नाव आहे.

बघा, वाघसिंहांना न डरणारा माणूस एका जखमेनं आडवा झाला!

म्हणूनच आज जंगलात माणसं नेणाऱ्यांना आधी शिकावं लागतं. अ‍ॅमेझॉन, बोर्निओ, बेलीझ अशा ठिकाणच्या पर्जन्यवनांत हे शिक्षण प्रत्यक्ष राहून घेतात. त्यातले धडे ऐकले तर हसाल.

पहिला धडा कपड्यांचा. दोनच जोड ठेवायचे, एक ओला, एक कोरडा. कोरडा जोड फक्त झोपताना घालायचा. सकाळी पुन्हा तोच थंडगार ओला जोड अंगावर चढवायचा! जिवावर येतं, पण रात्री अंग कोरडं राहिलं तरच कातडी टिकते. पायाला चिखल्या झालेला माणूस चालू शकत नाही, आणि एक थांबला की सगळेच थांबतात. साधा ओरखडासुद्धा लपवायचा नाही, लगेच धुऊन औषध लावायचं.

दुसरा धडा वेळेचा. विषुववृत्ताजवळ वर्षभर संध्याकाळी सहाच्या सुमारास झपकन अंधार पडतो. दाट झाडीखाली तर त्याआधीच. म्हणून दुपार कलायच्या आत मुक्काम टाकायचा. तोही पाण्याच्या काठाला नाही, चांगला उंचावर. वर डोंगरात पाऊस झाला तर आपल्याकडे थेंब न पडताही नदी रात्रीत चढते.

तिसरा धडा सुटकेचा. कुणी जखमी झालं तर बाहेर कसं काढायचं, हे निघण्यापूर्वी कागदावर ठरवायचं. दाट झाडीखाली सॅटेलाइट फोन नीट चालत नाही आणि हेलिकॉप्टरला उतरायला मोकळी जागा लागते. तेव्हा मोकळी जागा कुठे आहे, हे आधीच ठाऊक हवं. साप चावला तर? कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात पोचवायचं.

आणि सर्वांत अवघड धडा म्हणजे 'चला, परत फिरू' असं वेळेवर म्हणणं.

हे सगळं मोठ्यांचंच काम, असं वाटतं? १ मे २०२३ रोजी कोलंबियातल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात एक छोटं विमान कोसळलं. तिन्ही मोठी माणसं गेली. उरली चार भावंडं. थोरली तेरा वर्षांची, धाकटं अकरा महिन्यांचं. विमानातलं कसाव्याचं पीठ त्यांनी बरोबर घेतलं. कोणती फळं खायची, हे त्या आदिवासी मुलांना घरच्यांनी शिकवलेलं होतं. चाळीस दिवसांनी चौघंही जिवंत सापडली. त्या ताईकडे लीडरचं सर्टिफिकेट नव्हतं, पण शिकवण मात्र होती!

आता तुमच्याबद्दल. पावसाळ्यात सह्याद्रीत शिबिरं निघतात. नाव देण्यापूर्वी आईबाबांना सोबत घेऊन लीडरला चार प्रश्न विचारा. तुम्ही प्रथमोपचार शिकला आहात का? जवळचा दवाखाना कोणता, आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? सर्वांच्या शेवटी कोण चालणार? आणि पाणी वाढलं तर कुठून परत फिरणार?

चांगला लीडर या प्रश्नांवर चिडत नाही, उलट खूश होतो. जो 'घाबरताय कशाला, मी आहे ना!' एवढंच म्हणतो, त्याच्याबरोबर मात्र जाऊ नका. तुम्ही घरी राहिलात तरी जंगल कुठे पळून जात नाही!