खरा सुपरमॅन कोणता?

जुलै २०२५ मध्ये नवा ‘सुपरमॅन’ झळकला आणि अकोल्यात आमच्या घरात दोन पक्ष पडले. भाईजान १९७८ च्या क्रिस्टोफर रीव्हचे चाहते. “तो नुसता हसला तरी धीर यायचा,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. अमरावतीहून आलेल्या भाच्याला मात्र डेव्हिड कोरेनस्वेट आवडला. “मामू, हा मार खातो, चुकतो, पण माणुसकी सोडत नाही.” सेन्सॉर बोर्डाने चुंबनाचे दृश्य कापले म्हणून तो चिडला होता, अम्मी मात्र खूश!

वाद ऐकताना मला नाशिक जिल्ह्यातले मालेगाव आठवले. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी स्वतःचा सुपरमॅन घडवला. पोशाख चढवला शफीक शेख या काटकुळ्या यंत्रमाग कामगाराने. पडद्यावर त्याची झुंज तंबाखूच्या साम्राज्याशी होती. फैजा अहमद खान यांनी या धडपडीवर माहितीपट केला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ही आला. तो पाहायला शफीक नव्हते. २०११ मध्येच कर्करोगाने त्यांचा इंतकाल झाला होता.

हे ऐकून भाचा गप्प झाला. त्याच्या खिशात खर्र्याची पुडी असते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कुणीच नव्हते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी मिळतेच.

भाईजान हळूच म्हणाले, “सुपरमॅन तुझाच खरा, बेटा. पण ती पुडी इथे ठेव.”

त्याने ठेवली. उद्या पुन्हा घेणार नाही, याची हमी कोण देणार? पण इतक्या दिवसांनी घरात विषय तर निघाला.