एकाच घरातील दोन दुखणी : कुपोषण आणि लठ्ठपणा

पिकाला नुसता युरिया दिला तर पीक हिरवेगार दिसते, उंचही वाढते. पण ते लोळते, रोग-किडीला लवकर बळी पडते आणि दाणा भरत नाही. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुले वयाच्या मानाने खुजी होती. त्याच वर्षी सुमारे ८९ कोटी प्रौढ लठ्ठ होते. ही दोन टोके दूरदेशची समजू नयेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुजी आढळली. १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, तर २३ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते.

सहा गावांचा धडा

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे बारीक होती, स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे खाणे जास्त आणि कष्ट कमी झाले की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे लठ्ठपणाच्या दुखण्याचे बी आईच्या कुपोषणातच पेरले जाते.

आईने एकूण किती खाल्ले, यापेक्षा काय खाल्ले हे महत्त्वाचे ठरले. ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे होती, त्यांची बाळे अधिक वजनाची निघाली. ज्यांना कष्टाची कामे जास्त, त्यांची बाळे लहान भरली.

आता विचार करा. दूध, भाजी, फळे पिकवतो कोण? आपणच. पण पहाटे दुधाचा कॅन डेअरीला जातो, भाजी बाजाराला जाते आणि घरात चहापुरते दूध उरते. त्याच पैशातून मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणि फरसाण येते.

काय करावे?

१. धार काढल्यावर घरचा वाटा आधी बाजूला काढावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या सुनेला, लेकीला आणि मुलांना तो प्रथम द्यावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० उष्मांकांच्या रोजच्या आहारासाठी ३०० मिलि दूध किंवा दही, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी व २५० ग्रॅम तृणधान्ये सुचविली आहेत.

२. घराजवळ परसबाग करावी. न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवगा, पेरू, लिंबू लावावे. मेथी, पालक, चवळीला मात्र स्वच्छ पाणी द्यावे.

३. सगळे रान नगदी पिकाखाली न घालता घरापुरती ज्वारी, बाजरी व तूर पेरावी. बाजरीचा ‘धनशक्ती’ (२०१२) आणि ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ (२०१८) हे वाण लोह व जस्त अधिक असलेले आहेत. माती परीक्षणात जस्त कमी आढळल्यास शिफारशीप्रमाणे झिंक सल्फेट द्यावे.

४. भाकरी-भाजीवर लिंबू पिळावे, त्यामुळे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा टाळावा.

५. गरोदर स्त्रीला पाणी वाहणे, ओझी उचलणे अशी कामे देऊ नयेत. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमित द्याव्यात.

६. ट्रॅक्टर व मोटारसायकलमुळे ज्यांचे कष्ट कमी झाले आहेत त्यांनी तेल, साखर व तळलेले पदार्थ बेताने खावेत, रोज चालावे आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी.

बियाण्यासाठी आपण सर्वांत चांगली कणसे निवडून बाजूला ठेवतो, कितीही भाव आला तरी ती विकत नाही. घरातील माता व मुले हे पुढच्या पिढीचे बियाणे आहे. त्यांचा वाटा विकू नये.