मांजरांच्या वाटीतला बर्ड फ्लू

मध्य प्रदेशात छिंदवाड्यातल्या पाळीव मांजरांना बर्ड फ्लू झाल्याची बातमी आली आणि चर्चा मात्र चिकन खावं की नाही, याचीच झाली. मांजरांची चौकशी फारशी कुणी केली नाही. हा विषाणू पक्ष्यांपलीकडे कसा पोचतो, हे मांजरंच आपल्याला सर्वांत आधी सांगत आहेत.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या एका डेअरीवर हे लख्ख दिसलं. गाईंनी चारा कमी केला, दूध आटलं. जे निघे तेही चिकासारखं दाट, पिवळसर. गोठ्यातल्या मांजरांना नेहमीप्रमाणे तेच कच्चं दूध मिळालं. जवळपास दोन डझन मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मेली. काही आंधळी झाली होती, काहींचं अंग ताठरलं होतं, काही जागच्या जागी गोल फिरत होती. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला गाईंच्या दुधात आणि मांजरांच्या मेंदूत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. गाईच्या कासेतल्या पेशींना हा विषाणू सहज चिकटतो, म्हणून दुधात तो प्रचंड प्रमाणात उतरतो. गाई बहुतेक बऱ्या होतात. मांजरं मात्र बरीच दगावतात.

आपल्या घरांत दूध उकळूनच वापरतात, त्यामुळे ती वाट बऱ्यापैकी बंद आहे. कच्च्या मांसाची वाट मात्र सताड उघडी आहे. चिकनच्या दुकानामागे पडणाऱ्या मुंड्या, आतडी, कातडं यांवर किती मांजरं जगतात, ते कुठल्याही बाजारात पाहावं. २००४ मध्ये थायलंडच्या श्रीराचा व्याघ्रोद्यानात कच्च्या कोंबड्या खाऊन मांजरकुळातल्याच वाघांना लागण झाली. ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने गेले. छिंदवाडा तिथून शेजारीच.

साथ आली की बाधित पोल्ट्री फार्मभोवतालच्या एक किलोमीटरमधले पाळीव पक्षी मारतात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. त्याच टापूत मेलेलं मांजर उकिरड्यावर जातं. त्याचीही तपासणी व्हायलाच हवी.

मांजर पाळणाऱ्यांनी एवढं तरी करावं: मांस शिजवूनच घालावं, दूध उकळूनच द्यावं. साथीच्या भागात मांजर अचानक लडखडू लागलं किंवा मेलं, तर उघड्या हातानं त्याला शिवू नये आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.