‘इंडी’ : एक संज्ञा आणि तिचा रसिक

शब्दाचा अर्थ बदलतो, हे भाषेच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. परंतु हा बदल बहुधा होऊन गेल्यावर दिसतो. तो घडत असताना डोळ्यांसमोर असावा, आणि कोणी कोणत्या अर्थाचा आग्रह धरला हेही लेखी स्वरूपात सापडावे, असा योग क्वचित येतो. इंग्लंडच्या संगीतव्यवहारात रूढ झालेली ‘इंडी’ ही संज्ञा अशा विरळ उदाहरणांपैकी एक होय. ह्या संगीताचा रसिक नव्या ध्वनिमुद्रिकांवर डोळा ठेवून असतो, पारितोषिकांच्या याद्यांवर वाद घालतो, लहानसहान जलशांना उभ्याने हजर राहतो. आणि हे सर्व करीत असताना ‘इंडी कशास म्हणावे’ ह्या प्रश्नाचा निर्णय तो प्रत्यही करीत असतो. त्याच्या निर्णयामागे शब्दशक्तीचा कोणता व्यापार चालतो, हे येथे पाहावयाचे आहे.

‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’ ह्या विशेषणाचा लाडिक संक्षेप. अमेरिकन चित्रपटव्यवसायाच्या वृत्तपत्रांनी तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात आणला, तेव्हा मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर राहून चित्रपट काढणारा निर्माता एवढाच त्याचा अर्थ होता. तेथून तो ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात आला. मोठ्या कंपन्यांच्या मालकीची नसलेली लहान प्रकाशनसंस्था, जिला व्यवहारात ‘लेबल’ म्हणतात, ती ‘इंडी’. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत बोलावयाचे तर शब्द यौगिक होता. अवयवांचा जो अर्थ तोच समुदायाचा. गाणे कसे आहे ह्याविषयी तो काहीच सांगत नव्हता.

ह्या शब्दाच्या इतिहासात रसिकाचा प्रवेश होतो तो १९७७ साली. मँचेस्टरच्या बझकॉक्स ह्या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेतले, ‘न्यू हॉर्मोन्स’ नावाचे स्वतःचे लेबल काढले, आणि त्या वर्षीच्या जानेवारीत ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी प्रसिद्ध केली. पहिल्या १,००० प्रती लवकरच संपल्या आणि पुढे खप त्याच्या अनेक पटींनी वाढला. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तबकडीपेक्षा तिचे वेष्टन अधिक बोलके आहे. प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात साधले, हे त्यावर छापलेले होते. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी ह्या बँडने आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणाचा, छपाईचा आणि तबकड्या काढण्याचा खर्च मांडून ठेवला. वस्तूबरोबर तिची कृतीही विकली जात होती. गिऱ्हाइकाने वेष्टन वाचावे आणि हे आपल्यालाही जमेल असे म्हणावे, हा त्यामागील हेतू उघड होता. वेष्टन बारकाईने वाचणारा रसिक, ही इंडीच्या व्यवहारातील मध्यवर्ती व्यक्ती, येथे जन्मास आली.

तबकडी काढणे एक वेळ सोपे. ती दुकानोदुकानी पोहोचविणे कठीण. जेफ ट्रॅव्हिस ह्याने १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये उघडलेले ‘रफ ट्रेड’ हे दुकान लवकरच वितरणाचेही काम करू लागले, आणि पुढे निरनिराळ्या शहरांतील अशा दुकानांनी एकत्र येऊन ‘कार्टेल’ ह्या नावाने वितरणाचे जाळे विणले. ही गोष्ट अंमळ रुक्ष वाटेल, परंतु संज्ञेच्या अर्थाचा सारा पेच तिच्यातच आहे. जानेवारी १९८० मध्ये इंग्लंडात स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची साप्ताहिक यादी, म्हणजे ‘इंडी चार्ट’, प्रथम प्रसिद्ध झाली. तीत प्रवेश कोणास द्यावयाचा ह्यासाठी व्याख्या हवी होती, आणि ती वितरणावर बेतण्यात आली. जी तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणयंत्रणेतून न जाता दुकानात पोहोचली, ती पात्र. गाणे कोणत्याही प्रकारचे असो.

व्याख्या निर्दोष होती, आणि म्हणूनच तिने पुढे गंमत केली. ऑस्ट्रेलियन दूरदर्शन-मालिकेतून प्रसिद्धीस आलेली कायली मिनोग ही गायिका १९८८ साली इंग्लंडात घरोघर पोहोचली. तिची गाणी नृत्यगृहांसाठी घडविलेली, यंत्राच्या ठेक्यावरची, बाजाराची नाडी पुरती ओळखून केलेली. परंतु तिचे ‘पीडब्ल्यूएल’ हे लेबल स्वतंत्र होते आणि त्याचे वितरणही स्वतंत्र संस्थेकडे होते. परिणाम असा झाला की, इंडी चार्टच्या शिरोभागी कायली मिनोग विराजमान झाली, आणि चार्टचे निष्ठावंत वाचक खवळले.

त्यांच्या संतापाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. चार्टचे म्हणणे अभिधेचे होते. शब्दाचा व्युत्पन्न अर्थ जेथे लागू पडतो तेथे शब्दही लागू. रसिकाचा शब्द मात्र एव्हाना योगरूढ झाला होता. पंकात जन्मते ते पंकज खरे, परंतु चिखलातल्या बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. कायली मिनोग ही रसिकाच्या लेखी चिखलातला बेडूक होती. (तिच्या गाण्यांचा दर्जा हा प्रश्न वेगळा. त्या काळी नाके मुरडणाऱ्यांपैकी कित्येकांनी पुढे आपले मत बदलले.) ह्या रूढीला हातभार लावणारी एक वस्तू १९८६ सालची आहे. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ ह्या साप्ताहिकाने त्या वर्षी आपल्या वाचकांसाठी २२ बँडांची प्रत्येकी एक रचना घेऊन एक कॅसेट काढली आणि तिचे नाव ठेवले ‘सी८६’. तीत कर्कश आणि ओबडधोबड वादनही पुष्कळ होते. तरीही अल्पावधीत ‘सी८६’ हे गिटारच्या किणकिणत्या, काहीशा लाजऱ्या गाण्यांचे सामान्यनाम बनून गेले. उरलेल्या बँडांचा शब्दार्थातून लोप झाला. अर्थसंकोचाचे इतके अल्पकालीन उदाहरण सहसा हाती लागत नाही.

प्रकाशनांचा पाठपुरावा करण्याची रसिकाची पद्धतही ह्याच काळात सिद्ध झाली. ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्स ह्या लेबलने १९८७ साली पहिली तबकडी काढली आणि आपल्या प्रत्येक प्रकाशनास क्रमांक दिला. तबकड्यांबरोबरच काही क्रमांक हस्तपत्रिकांना, आणि ५० वा क्रमांक तर एका पटावरच्या खेळाला दिलेला होता. १९९५ साली १०० हा क्रमांक गाठल्यावर लेबल भरभराटीत असताना चालकांनी ते बंद केले. क्रमाने सर्व अंक जमविणारा रसिक गाण्यांबरोबर त्या मालिकेचाही वाचक होता. आता ह्याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. लीड्स येथील वेडिंग प्रेझेंट ह्या बँडने १९९२ साली दर महिन्याला एक, अशा बारा लहान तबकड्या मर्यादित प्रतींत काढल्या, आणि बाराही देशाच्या मुख्य यादीतील पहिल्या तिसांत गेल्या. रांगा लावून त्या घेणाऱ्यांना आपण इंडीचे व्रत पाळीत आहोत ह्याविषयी शंका नव्हती. परंतु त्या तबकड्या आरसीए ह्या बड्या कंपनीच्या होत्या. व्याख्या एका बाजूस राहिली होती आणि आचार दुसऱ्या बाजूस.

पारितोषिकांनी हा पेच सोडविला नाही, वाढविला. १९९२ साली सुरू झालेले मर्क्युरी पारितोषिक ब्रिटन व आयर्लंडमधील वर्षातल्या उत्कृष्ट आल्बमसाठी असते. लेबल लहान की मोठे हे त्यात पाहिले जात नाही. पहिला मान प्रायमल स्क्रीम ह्या बँडच्या ‘स्क्रीमाडेलिका’ला मिळाला. तो ‘क्रिएशन’ ह्या लेबलचा होता, म्हणजे इंडीचाच विजय. आणि त्याच वर्षी कर्जाने वाकलेल्या क्रिएशनचा ४९ टक्के हिस्सा सोनी कंपनीने विकत घेतला. रसिकाने टाळी कोणत्या हाताने वाजवावी? २००६ साली शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज ह्यांना हे पारितोषिक मिळाले तेव्हा मात्र रसिकांना त्यात आपला वाटा दिसला, आणि तो खराही होता. ह्या बँडने आरंभीच्या जलशांत आपल्या गाण्यांच्या तबकड्या फुकट वाटल्या होत्या. श्रोत्यांनी त्या आंतरजालावर चढवून एकमेकांना दिल्या, आणि डोमिनो ह्या स्वतंत्र लेबलने पहिला आल्बम काढण्यापूर्वीच सभागृहे ती गाणी तोंडपाठ म्हणत होती. त्या आल्बमच्या पहिल्या आठवड्यात ३,६०,००० हून अधिक प्रती खपल्या. पुढे २०२४ साली हेच पारितोषिक लीड्सच्या इंग्लिश टीचर ह्या बँडला मिळाले. त्यांचे वर्णन करताना ‘इंडी’ हा शब्द सर्रास योजला गेला. त्यांचे लेबल आयलंड, म्हणजे युनिव्हर्सल ह्या जगातील सर्वांत मोठ्या संगीतकंपनीचे. ह्या प्रयोगात कोणास विसंगती जाणवली नाही. मम्मटाने रूढ लक्षणेसाठी ‘कुशल’ हा शब्द दिला आहे. कुश म्हणजे दर्भ तोडणारा हा मूळ अर्थ कोणाच्या मनात येत नाही, तद्वत् येथे घडले. यौगिकाकडून योगरूढाकडे आणि तेथून रूढाकडे हा प्रवास अर्धशतकाच्या आत पुरा झाला.

मग मूळ अर्थ मेला काय? तसे म्हणता येत नाही, कारण पैशाचा प्रश्न आला की तो जागा होतो. २००९ साली चार्टचा नियम बदलून वितरणाऐवजी मालकी हा निकष आणण्यात आला. लेबलची निदान निम्मी मालकी बड्या कंपन्यांच्या बाहेर हवी. बदल योग्य होता, कारण वितरणाची कसोटी मालकीविषयी काही सांगेनाशी झाली होती. पुढे तर ब्रुसेल्समध्ये १९८३ साली निघालेली आणि अनेक स्वतंत्र लेबलांचे वितरण करणारी ‘प्ले इट अगेन सॅम’ ही संस्थाच २०२४ साली पूर्णपणे युनिव्हर्सलच्या ताब्यात गेली. जुन्या कसोटीने तिच्यामार्फत जाणारी लेबले आज अपात्र ठरली असती. रसिकाला ह्याची झळ निराळ्या जागी लागते. आपण दिलेला पैसा वादकापर्यंत जातो की नाही, हा त्याचा खरा प्रश्न. बँडकॅम्प ह्या २००८ साली सुरू झालेल्या संकेतस्थळाने मार्च २०२० मध्ये, साथीमुळे जलसे बंद पडले असता, एका शुक्रवारी विक्रीतील आपला हिस्सा सोडून दिला, आणि पुढे ‘बँडकॅम्पचा शुक्रवार’ हे रसिकांचे एक पर्वच झाले. चार वर्षांच्या आत ती संस्था दोनदा विकली गेली आणि दुसऱ्या विक्रीच्या वेळी जवळजवळ निम्मे नोकर कमी करण्यात आले. दुसरीकडे, वर्षात एक हजारांहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यास मोबदला नाही, असा नियम स्पॉटिफायने २०२४ पासून लागू केला. शैलीचा अर्थ घेऊन चालणाऱ्या रसिकाला ह्यातले काहीही अडत नाही; मालकीचा अर्थ धरणाऱ्याला प्रत्येक खरेदीच्या वेळी थांबून विचार करावा लागतो.

जलशांच्या बाबतीत तर संज्ञेचे दोन्ही अर्थ एकाच तिकिटावर भेटतात. क्रिएशनचा संस्थापक ॲलन मगी ह्याने मे १९९३ मध्ये ग्लासगोच्या ‘किंग टट्स’ ह्या लहानशा सभागृहात ओएसिस हा बँड प्रथम ऐकला आणि तेथेच करार देऊ केला. बाथ शहरातील ‘मोल्स’ हे असेच सभागृह, जेथे ओएसिसही वाजवून गेले होते, डिसेंबर २०२३ मध्ये खर्च पेलेना म्हणून बंद पडले. म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ह्या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे त्या एका वर्षात ब्रिटनमधील अशी १२५ ठिकाणे हातची गेली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ओएसिसच्या पुनर्मीलनाची तिकिटे विक्रीस निघाली तेव्हा तासन्‌तास आंतरजालावरच्या रांगेत थांबलेल्यांना सुमारे १५० पौंडांचे उभ्याचे तिकीट ३५० पौंडांच्या वर गेलेले दिसले. मागणीबरोबर किंमत चढविण्याची ही रीत विमानकंपन्यांना नवी नाही. येथे ती पाहून लोक चिडले. चीड किमतीची होती, तशी शब्दाचीही होती. तीस वर्षे ज्यांना रसिक ‘आमचे’ म्हणत आला होता, त्यांच्या दारात हा प्रकार घडला होता.

भारतात ही संज्ञा आली ती एका अपघाती श्लेषासह. १९९० नंतरच्या दशकात ‘इंडिपॉप’ हा शब्द प्रचारात होता. अलिशा चिनॉय हिचा १९९५ चा ‘मेड इन इंडिया’ हा आल्बम त्याचे ठळक उदाहरण. ह्यातील ‘इंडि’ ‘इंडियन’पासून आलेला. पुढे स्वतंत्र बँडांच्या संदर्भात इंग्रजी ‘इंडी’ आला, २०१० साली पुण्यात ‘एनएच७ वीकएंडर’ हा महोत्सव सुरू झाला, आणि दोन भिन्न व्युत्पत्तींचे शब्द कानाला एकच झाले. परंतु खरा फरक विरोधी पदात आहे. इंग्लंडात ‘इंडी’च्या समोर ‘बडी कंपनी’ उभी असते, आपल्याकडे ‘चित्रपट’. चित्रपटासाठी न केलेले गाणे ते इंडी, असा अर्थ पुण्या-मुंबईच्या तरुण श्रोत्याच्या बोलण्यातून सहज निघतो. हा अर्थ स्वीकारल्यास १९३० च्या दशकात जी. एन. जोशी ह्यांनी ध्वनिमुद्रिकेवर आणलेले भावगीतही इंडी ठरेल. लंडनच्या १९८० च्या चार्टने मात्र ते पहिल्याच दारात अडविले असते, कारण ती तबकडी एचएमव्हीची होती.